फोन कंपनीचा, मग बिघाड कुणाचा?

बियाणं उगवलं नाही तर काय करायचं, हे आता आपल्या भागातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना पाठ झालं आहे. पिशवी जपून ठेवायची, तिच्यावरचा टॅग फाडायचा नाही, मूठभर बियाणं शिल्लक ठेवायचं, पावती ट्रंकेत सांभाळायची आणि कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार देऊन पंचनामा मागायचा. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. कित्येकांचे हंगाम वाया गेले, ग्राहक मंचाच्या पायऱ्या झिजल्या, आणि २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शेतकरी हा ग्राहकच आहे असं स्वच्छ सांगितलं. पण हाच शेतकरी दहा-बारा हजारांचा मोबाईल घेतो तेव्हा पावती दुकानातच विसरतो, खोकं पोरांना खेळायला देतो, आणि महिन्याभरात संच बंद पडला की कपाळाला हात लावून बसतो. बियाण्याच्या पिशवीला जो मान, तो मोबाईलच्या खोक्याला का नाही?

फोन बंद पडणं ही आता चैनीची अडचण राहिलेली नाही, हे शेतकरी बंधूंना आम्ही वेगळं सांगायला नको. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक चढवण्याचं काम तुमच्या हातातल्या संचावर आलं. पीएम-किसानची ई-केवायसी असो, शेतकरी ओळख क्रमांक असो, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज असो, सगळीकडं ओटीपी हवा आणि तो येणार फोनवर. बाजार समितीचा भाव, पोराच्या कॉलेजचा फॉर्म, दूध डेअरीचा हिशेब, सगळं त्यातच. नांगर मोडला तर शेजाऱ्याचा आणता येतो. ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर येत नाही. म्हणून संच बिघडला की तो किती दिवसांत बदलून मिळतो, हा प्रश्न खताच्या पोत्याइतकाच शेतीचा प्रश्न झाला आहे.

आणि नेमकं इथंच घोडं अडतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावा. ते म्हणतं, संचाचा बिघाड दिसतो, दुकानात जा. दुकानदार म्हणतो, आम्ही फक्त विकतो, सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, तिथला पोऱ्या संच उघडून बघतो आणि म्हणतो, यात काही नाही, तुमच्या सिमचा घोळ असेल, कंपनीला विचारा. झाली प्रदक्षिणा पूर्ण. एसटीचं भाडं गेलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि फोन आहे तसाच खिशात.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासाठी थोडं मागं जाऊ या. गावात तारेचा टेलिफोन आला तेव्हा त्याच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, हे खरं. लाईनमनची मनधरणी करावी लागे, हेही खरं. पण एक गोष्ट सरळ होती. खांब खात्याचा, तार खात्याची आणि टेबलावरचा काळा संचही खात्याचाच. बिघाड झाला की १९८ फिरवायचा. बिघाड तारेत आहे की संचात, हे शोधणं त्यांचं काम. लाईनमन यायचा, फार तर चार दिवस उशिरा, पण संच बदलून जायचा. तुमचा-आमचा असा वादच नव्हता.

१९९५ साली देशात मोबाईल सुरू झाला आणि ही जोडी फुटली. सिम कंपनीचं, संच तुमचा, बनवणारा तिसराच, विकणारा चौथा. हप्त्यावर घेतला असेल तर वित्त कंपनी पाचवी. इतक्या जणांनी तुमच्याकडून पैसे घेतले, पण बिघाडाला धनी एकही नाही. मधल्या फटीत ग्राहक पडला तो पडलाच. त्यातच कंपन्या स्वतःच संच विकू लागल्या. २०१७ साली जिओनं आपला साधा फोन १५०० रुपये अनामत घेऊन दिला आणि ती तीन वर्षांनी परत करण्याची योजना जाहीर केली. पुढं हॉटस्पॉटच्या डब्या आल्या, फायबरचे राऊटर आले, छतावर लावायचे वायरलेसचे डबे आले. या वस्तू कंपनीच्या नावाच्या, बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीच्या. म्हणजे एका अर्थी जुना टेलिफोन खात्याचा जमाना परत आला. फरक एवढाच, की तेव्हा संच बदलायला लाईनमन दारात यायचा आणि आता तुम्ही फोनवर एक दाबा, दोन दाबा करत बसता.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा. बिघडलेली वस्तू कुणाची आहे? राऊटर किंवा डबा कंपनीनं अनामत घेऊन किंवा जोडणीबरोबर दिला असेल तर तो सेवेचाच भाग आहे. तो बदलून देणं कंपनीचं काम; तुम्ही सर्व्हिस सेंटर शोधत फिरण्याचं कारण नाही. संच कंपनीच्या दुकानातून विकत घेतला असेल तर विकणारी कंपनी आणि बनवणारा, दोघंही जबाबदार. आणि बाजारातल्या दुकानातून घेतला असेल तर दुकानदार व बनवणारा. सिमवाल्या कंपनीचा तिथं संबंध नाही, तिच्याशी उगाच तोंडाची वाफ दवडू नका. हे पावतीवर कळतं. पावती कुणाच्या नावाची आहे, ती बघा. अनामत असेल तर तसा शब्द त्यावर असतो.

दुसरं काम, निदान घरीच करून घ्या. जनावर आजारी पडलं की डॉक्टरला बोलावण्याआधी तुम्ही कान चाचपून बघता, रवंथ करतंय का ते बघता. तसंच हे. आपलं सिम घरातल्या दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घाला. तिथं चाललं तर सिम आणि टॉवर ठीक आहे. मग दुसऱ्याचं, त्याच कंपनीचं, चालू सिम आपल्या संचात घाला. ते चाललं नाही तर बिघाड संचात आहे, यात शंका उरत नाही. चार्ज होत नसेल तर दुसरा चार्जर लावून बघा. पुष्कळ 'मेलेले' फोन चार्जरच्या वायरीपायी मेलेले असतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण मदत केंद्राशी बोलताना याची किंमत कळते. 'सिमचा घोळ असेल' हे वाक्य तिथंच बंद होतं.

कधीकधी बिघाड कशातच नसतो, हेही लक्षात ठेवा. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवणारे बंधू दरवर्षी यात फसतात. टूजीवर चालणारा स्टार्टर असेल आणि जिच्याकडं टूजीच नाही अशा कंपनीचं सिम आपण त्यात घातलं, तर तो जन्मात मोटार चालू करणार नाही. स्टार्टर परत करायला निघण्याआधी खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर दुकानदाराला विचारा. काही कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं तेव्हाही अनेकांचे जुने संच इंटरनेटला एकदम मंद पडले. ते बिघडले नव्हते. त्यांचं नेटवर्कच गेलं होतं.

आता मदत केंद्र. तिथं फोन लावताना कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि दुसऱ्या फोनवरून लावा, म्हणजे बिघडलेला संच समोर राहील. बिल आणि आयएमईआय नंबर जवळ हवा. हा पंधरा आकडी नंबर खोक्यावर छापलेला असतो. फोन चालू असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही लिहून ठेवा. आमचा तर आग्रह आहे, की नवा फोन घेतल्या दिवशीच हे नंबर रेशनकार्डाच्या पिशवीत टाकावेत. फोन चोरीला गेला तर पोलिसात आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हाच नंबर लागतो.

पलीकडून बोलणाऱ्या पोरावर आवाज चढवण्यात काही अर्थ नाही, मंडळी. त्याच्यासमोर प्रश्नांची यादी असते आणि ती त्याला क्रमानं वाचावी लागते. फोन बंद करून चालू केला का? सिम काढून पुसून घातलं का? सेटिंग पूर्वीसारखी केली का? तुम्ही ते आधीच केलेलं असेल तर तसं शांतपणे, वेळेसकट सांगा: 'काल संध्याकाळी सात वाजता सिम दुसऱ्या फोनात घालून बघितलं, तिथं चाललं.' संच बदलून देण्याचा अधिकार त्याला नसतो. तक्रार नोंदवण्याचा मात्र असतो, आणि आपल्याला त्याच्याकडून तेवढंच हवं आहे. इथं एक खाचखळगा आहे. पुष्कळदा आपला फोन 'चौकशी' म्हणून नोंदला जातो आणि 'माहिती दिली' असा शेरा मारून विषय मिटवला जातो. म्हणून स्पष्ट शब्दांत सांगा, मला तक्रार नोंदवायची आहे, तक्रार क्रमांक द्या. क्रमांक मिळेपर्यंत फोन ठेवू नका. तारीख, वेळ, बोलणाऱ्यानं सांगितलेलं नाव आणि क्रमांक, चारही गोष्टी कागदावर. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे पावतीशिवाय आडत्याकडं टाकलेला माल.

सेटिंग पूर्वीसारखी करा, म्हणजेच सगळं पुसून टाका, असं ते सांगतील तेव्हा मात्र लगेच हो म्हणू नका. गारपिटीत झोपलेल्या पिकाचे फोटो, खरेदीच्या पावत्यांचे फोटो, पोराबाळांचे फोटो, सगळं त्यात असतं. आधी ते दुसऱ्या फोनवर किंवा पोराच्या संगणकावर उतरवून घ्या. गेलेलं परत येत नाही, आणि कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. तसं तिनं बारीक अक्षरात लिहूनच ठेवलेलं असतं.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली तर निघण्याआधी फोन करून विचारा, चालू आहे का आणि पार्ट आहे का. सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. पैसे पाठवायचं ॲप असेल तर ते काढून टाका. पासवर्ड सांगितल्याशिवाय दुरुस्ती होत नाही असं कुणी म्हटलं तर सगळं पुसूनच संच हातात द्या. सिम मात्र रिकामं पडू देऊ नका; घरातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी येत राहील. पीक पाहणीची मुदत चालू असेल तर थांबू नका, ती दुसऱ्याच्या मोबाईलवरूनही नोंदवता येते.

तिथं संच दिला की जॉबशीट नावाचा कागद मिळतो. सगळी लढाई या कागदावर असते, म्हणून सही करण्याआधी तो नीट वाचा. इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगा. तक्रारीच्या रकान्यात तुम्ही सांगितलेला बिघाडच लिहिला आहे का? 'आपोआप बंद पडतो' हे सांगितलेलं असताना 'सॉफ्टवेअर अपडेट' एवढंच लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्या. संचाच्या स्थितीच्या रकान्यात 'फुटलेला', 'वाकलेला' असे शब्द आधीच टाकलेले असतील आणि तसं काही नसेल, तर ते खोडायला लावा. संच देण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. परत घेताना काय दुरुस्त केलं ते लिहून घ्या, आणि पुन्हा बिघडला तर पुन्हा नवी जॉबशीट घ्या. 'तशीच ठेवून जा, बघतो' या गोड बोलण्याला भुलू नका. तोच बिघाड तीनदा झाला हे सिद्ध करणारे तीन कागद हातात असले, की बोलण्याची भाषा बदलते.

नकाराचं सगळ्यात लाडकं कारण म्हणजे पाणी. संचाच्या आत एक पांढरी पट्टी असते, ओल लागली की ती तांबडी होते. पट्टी तांबडी दिसली की वॉरंटी संपली, असं सांगून संच परत दिला जातो. आता तुम्हीच सांगा, श्रावणात भाताच्या चिखलात राबणाऱ्याच्या किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेतलेल्याच्या खिशातला फोन कोरडा कसा राहायचा? पण इथं आपलंही थोडं चुकतं. पाण्यात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात वाळवायचा आणि मग 'आपोआप बंद पडला' म्हणून घेऊन जायचा, असं करणारे आहेत, आणि त्यांच्यामुळं खऱ्याच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही. तुमचा फोन खरोखर पाण्यात गेला नसेल तर तोंडी नकार स्वीकारू नका. पट्टीचा फोटो आणि नकाराचं कारण जॉबशीटवर लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ नकार पातळ होतात.

वॉरंटीबद्दलचा एक गैरसमजही दूर केला पाहिजे. वॉरंटी म्हणजे नवा संच देण्याचं वचन नव्हे. बहुतेक कंपन्यांनी त्यात 'दुरुस्त करू किंवा बदलून देऊ' असं लिहिलेलं असतं, आणि दोहोंतलं काय करायचं ते ठरवणं स्वतःकडं ठेवलेलं असतं. बॅटरी-चार्जरची मुदत संचापेक्षा कमी असते, तेही त्यातच लिहिलेलं असतं. नवा संच खोक्यातून काढताच किंवा पहिल्या काही दिवसांतच बंद निघाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सर्व्हिस सेंटरकडून 'संच मुळातच बंद' असं प्रमाणपत्र मिळतं, दुकानात त्याला डीओए म्हणतात. ते दाखवलं की दुकानदार बदलून देतो. ही मुदत फार थोडी असते, म्हणून 'रविवारी बाजारला जाईन तेव्हा बघू' असं करू नका. कापूस वेचायचा राहिला तरी चालेल, पण त्या आठवड्यात एक फेरी माराच.

संच हप्त्यावर घेतलेला असला तर आणखी एक सांगायचं. फोन बंद पडला म्हणून रागानं हप्ता बंद करू नका. वित्त कंपनीचा करार वेगळा, बिघाडाचं भांडण वेगळं. हप्ता चुकला की त्याची नोंद होते, आणि उद्या पीककर्जासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलात की ती समोर येते. भांडा, पण हप्ता भरून भांडा.

आता दोन शब्द ग्रामपंचायतीसाठी. भारतनेटच्या तारेबरोबर पंचायतीत जे डबे बसले, त्यातले किती चालू आहेत हे सरपंचांनी एकदा भिंतीकडं बघून सांगावं. डबा बंद पडला, की ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, स्वतःच्या मोबाईलवरून दाखले काढतात आणि दिवस ढकलतात. त्यात त्यांची अडचण आम्हाला कळते. पण तोंडी तक्रारीनं डबा बदलत नाही. पंचायतीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, डब्यावरचा अनुक्रमांक लिहून, किती तारखेपासून बंद आहे ते नमूद करून तक्रार द्या आणि तिची प्रत पंचायत समितीला पाठवा. तंत्रज्ञ आला आणि डबा बदलून गेला, तर नव्या डब्याचा अनुक्रमांक त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत घ्या आणि जुना नेल्याची पोच त्याच्याकडून घ्या. हे राहून गेलं तर पुढच्या लेखापरीक्षणात नोंदवहीत एक नंबर आणि भिंतीवर दुसरा, अशी गत होते, आणि तोवर बदली होऊन आलेल्या नव्या माणसाला जुन्याच्या डब्याचा हिशेब द्यावा लागतो.

एवढं करूनही कंपनी हलली नाही तर? तर कायदा आहे, आणि तो वाटतो तितका लांब नाही. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २०१२ चे नियम आहेत. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात. तिथं समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं. अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो. कंपनीनं दिलेला राऊटर किंवा डबा बदलत नसेल तर हा रस्ता धरा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, म्हणून दिल्लीला पत्र लिहून वाट बघू नका.

संच विकत घेतलेला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा असा कायदाच नव्हता. तो १९८६ साली आला, आणि २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा तीच प्रथा. दुकानातली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून माघारी फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सदोष मालाला ती पाटी लागू होत नाही.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा; मराठीतही बोलता येतं. पुष्कळ प्रकरणं तिथंच, कंपनीला कळवल्यावर, मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईला असो की दिल्लीला, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. बिघाड झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ऑनलाईनही देता येते. पूर्वी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलं. दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि नुकसानभरपाई, असे सगळे आदेश आयोग देऊ शकतो. निकाल तीन ते पाच महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ जास्त लागतो, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. म्हणून दावा शेवटी. पण त्याआधी कंपनीला स्पीड पोस्टानं एक नोटीस पाठवाच. पूर्वीची रजिस्टरी २०२५ साली स्पीड पोस्टातच मिसळली, तेव्हा पोस्टमास्तरांना पोच मागून घ्या.

फोन कंपन्यांच्या बाबतीत ग्राहक न्यायालयाला अधिकारच नाही, असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे. २००९ साली तसा निकाल झाला होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाच्या तरतुदीकडं बोट दाखवून कित्येकांचे दावे परत गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं जादा बिलाच्या एका तक्रारीवर निर्णय देताना मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येतं, असं स्पष्ट केलं. ब्रिटिशांच्या काळच्या कायद्यानं मोबाईलवाल्याचं दार इतकी वर्षं अडवून धरलं होतं, याला काय म्हणावं!

एका धोक्याची सूचना दिल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. मदत केंद्राचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथं भामट्यांनी आपले नंबर कंपनीच्या नावानं टाकून ठेवलेले असतात. संच बदलून देतो, दहा रुपये भरा, हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा, असं म्हणत खातं रिकामं करतात. बिलावर किंवा खोक्यावर छापलेला नंबर लावा, नाहीतर आपल्या कंपनीच्या सिमवरून १९८. संच बदलण्यासाठी ओटीपी लागत नाही, बँकेचा तर कधीच नाही. फसलातच तर तासाभराच्या आत १९३० ला फोन करा.

आमचं म्हणणं केवळ शेतकऱ्यांना नाही. नव्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद आहे. तिच्या बैठकीत वजनमापं आणि गॅस सिलिंडर यांच्या जोडीला फोन कंपन्यांनाही बोलवावं. प्रत्येक तालुक्याच्या गावी, निदान आठवडी बाजाराच्या दिवशी, बिघडलेले संच लेखी पोच देऊन घेणारा एक माणूस बसवा, एवढंच त्यांना सांगावं. सिम विकायला जत्रेत छत्री टाकून बसणारी माणसं त्यांच्याकडं आहेत. परत घ्यायलाही बसू द्या. सरपंच मंडळींनी ग्रामसभेत तसा ठराव करून परिषदेकडं पाठवला तर मागणीला वजन येईल.

बदललेला संच हातात येईल तेव्हा तो खोक्यातला नवा आहे की दुसऱ्याचा दुरुस्त करून दिलेला, ते विचारून लिहून घ्या. त्याचा आयएमईआय जुन्यापेक्षा वेगळा असणार. केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर पाठवला की संच कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा ते कळतं; खोक्यावरच्या माहितीशी पडताळून बघा. नवा नंबर मूळ पावतीवर चढवून दुकानाचा शिक्का घ्या, उरलेली वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत ते त्याच कागदावर लिहून घ्या, आणि जुन्या संचाच्या सगळ्या जॉबशीट दोन वर्षं तरी बियाण्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यातच राहू द्या.